स्पर्शाची भाषा आणि आपले विहार
(विहाराच्या वर्धापनदिनी कासार आंबोली येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिन म्हटला की हिशेब मांडला जातो. वर्गणी किती जमली, फरशी कधी बसली, वर्षावासात ग्रंथवाचन किती दिवस चालले, जयंतीला खर्च किती झाला. हा हिशेब झालाच पाहिजे, कारण विहार आपल्या घामाच्या पैशातून उभे राहिले आहे. पण आज आम्ही आपल्यापुढे एक वेगळा हिशेब मांडणार आहोत. विहारात कोण येतो हे आपण बघतो. कोण येत नाही, हे कोण बघतो? पूर्वी पहिल्या रांगेत बसणारे कुणी म्हातारे माणूस हळूहळू दाराशी बसायला लागते, मग फक्त पौर्णिमेला येते, मग येतच नाही. आपण म्हणतो, वय झाले. बऱ्याच वेळा नुसते वय झालेले नसते. त्यांना ऐकू येत नसते आणि दिसतही नसते. दोन्ही एकदम.

अशा माणसांना अंध-बधिर म्हणतात. कुणी बधिरांध असेही म्हणतात. यात एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अंधत्व अधिक बहिरेपणा अशी ही साधी बेरीज नाही. ज्याला दिसत नाही तो कानावर जगतो. आवाजावरून माणूस ओळखतो, रेडिओ ऐकतो, रस्त्यावरच्या गाडीचा अंदाज घेतो. ज्याला ऐकू येत नाही तो डोळ्यांवर जगतो. ओठांकडे बघतो, खुणा बघतो, चेहरा वाचतो. म्हणजे एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे असते. अंध-बधिर माणसाची दोन्ही दारे बंद होतात किंवा जेमतेम किलकिली राहतात. भोवती शंभर माणसे असली तरी तो माणूस एकटा असतो.

प्रत्येकाला अगदी काहीच दिसत नाही, काहीच ऐकू येत नाही असेही नाही. कुणाला उजेड कळतो, कुणाला मोठा आवाज कळतो. पण दोन्ही इतके कमी असते की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. जागतिक अंध-बधिर महासंघाने 2018 साली एक अहवाल काढला. त्यात जगाच्या लोकसंख्येपैकी 0.2 टक्के लोक तीव्र स्वरूपाचे अंध-बधिर आहेत आणि सौम्य प्रकार धरले तर हे प्रमाण 2 टक्क्यांपर्यंत जाते, असा अंदाज दिला आहे. म्हणजे हजार माणसांमागे दोन तीव्र आणि सौम्य धरून वीसपर्यंत. हा सगळ्या जगाचा अंदाज आहे, आपल्या गावची मोजणी नव्हे. पण हजाराला दोन म्हटले तरी पिरंगुटपासून पौडपर्यंतच्या गावांत अशी माणसे असणारच. ती दिसत नाहीत, कारण ती घरात आहेत.

हे होते कशामुळे? काही मुले जन्मतः अशी असतात. आई गरोदर असताना पहिल्या महिन्यांत तिला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर झाला, तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय या तिन्हींना इजा होऊ शकते. आईला तो ताप साधा वाटतो, अंगावर पुरळ येऊन जाते. म्हणूनच गोवर-रुबेलाची लस महत्त्वाची आहे. आपल्या महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये या लसीची मोठी मोहीम झाली, शाळाशाळांतून मुलांना सुई टोचली गेली. आता ती बाळांना नियमित लसीकरणात नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास मिळते. आशाताई दारात आल्या की त्यांना परत पाठवू नका, एवढेच सांगणे.

दुसरे कारण अशर नावाचा आनुवंशिक विकार. यात मूल बहुतेक वेळा जन्मतः बहिरे किंवा कमी ऐकणारे असते आणि मोठेपणी त्याची नजर जायला लागते. आधी रातांधळेपणा येतो, मग बाजूचे दिसेनासे होते, नळीतून बघितल्यासारखे फक्त समोरचे दिसते. आईवडील दोघांकडून तो दोष आला तरच हा विकार होतो. म्हणून जवळच्या नात्यात, मामाच्या मुलीशी वगैरे लग्न झाले की त्याचा धोका वाढतो. बहिऱ्या मुलाने संध्याकाळी ठेचकाळायला सुरुवात केली तर "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून त्याला रागावू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि तिसरे कारण आपल्या सगळ्यांच्या घरातले. म्हातारपण, मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह, आणि त्यात कारखान्याचा आवाज. पिरंगुटकडच्या कारखान्यांत प्रेस मशीनवर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचे कान आधीच गेलेले असतात. साखरेने डोळ्यांचे पडदे गेले की तो माणूस अंध-बधिर झाला. त्याला कुणी तसे म्हणत नाही, एवढेच. यातले मोतीबिंदूचे बरेचसे ऑपरेशनने सुधारते आणि कानाचे यंत्राने काही प्रमाणात सुधारते, म्हणून तपासणी आधी.

आता कुणी म्हणेल, अशा माणसाला शिकवणार काय आणि ते समाजात मिसळणार कसे? बंधू-भगिनींनो, हा प्रश्न जगाने फार पूर्वी सोडवला आहे. हेलन केलर यांचा जन्म 27 जून 1880 रोजी अमेरिकेत झाला. एकोणीस महिन्यांच्या असताना आजार झाला आणि दृष्टी, श्रवण दोन्ही गेले. 1887 साली अ‍ॅन सुलिव्हन नावाच्या शिक्षिका त्यांच्या घरी आल्या. त्यांनी त्या मुलीच्या एका हातावर पंपाचे पाणी सोडले आणि दुसऱ्या तळहातावर बोटांनी पाणी या शब्दाची अक्षरे उमटवली. तिथून त्या मुलीला कळले की प्रत्येक वस्तूला नाव असते. 1904 साली त्या पदवीधर झाल्या. 1955 साली त्या आपल्या देशातही येऊन गेल्या. हे झाले परदेशचे. आपल्या मुंबईत 1977 साली बेरोझ वाच्छा यांनी हेलन केलर यांच्याच नावाने संस्था काढली. अंध-बधिर मुलांना शिकवणारी ती भारतातली पहिली शाळा. पुढे 1997 साली अहमदाबादेत सेन्स इंटरनॅशनल इंडिया ही संस्था सुरू झाली, ती निरनिराळ्या राज्यांतल्या संस्थांना धरून हेच काम करते. म्हणजे वाट आहे. ती आपल्या वस्तीपर्यंत आणायची आहे.

ही माणसे बोलतात कशी? हातांनी. तळहातावर बोटाने एकेक अक्षर मोठे काढायचे, ही सगळ्यात सोपी पद्धत. खुणांची भाषा येणारा बहिरा माणूस पुढे अंध झाला, तर तो समोरच्याच्या हातांवर आपले हात ठेवून खुणा वाचतो. ब्रेल येणारा ब्रेल वाचतो. नॉर्वेसारख्या देशांत पाठीवर आणि दंडावर हलक्या खुणा करून खोलीत काय चालले आहे ते सांगतात: कोण आले, कोण हसले, टाळ्या वाजल्या. तिथे अशा माणसाला दुभाषा सरकारी खर्चाने मिळतो.

पण आमच्या घरी वेगळीच अडचण होती, आणि ती तुमच्याही घरी असेल. आमच्या आत्या सत्तरीच्या पुढच्या. कान आधी गेले, मग मधुमेहाने डोळे. तळहातावर अक्षर काढावे, तर आत्यांना अक्षरच येत नाही. त्यांच्या लहानपणी शाळेच्या पायरीवर कुणी बसू दिले नाही, मग अक्षर कुठून येणार? पुस्तकातली पद्धत तिथे थांबली. मग आम्ही मुंबईच्या शाळांत लहान मुलांसाठी वापरतात ती रीत धरली. वस्तू हाच शब्द. हातात पेला दिला की चहा. हातात टॉवेल दिला की आंघोळ. हातात औषधाची डबी दिली की गोळी घ्यायची वेळ. आणि पांढऱ्या लुगड्याचा पदर हातात दिला की विहार. पहिल्या दिवशी पदर हातात दिला तेव्हा त्यांनी तो दोन वेळा चाचपला आणि विचारले, "पुनव हाय का आज?" त्या बोलतात, बरं का. ऐकू येत नाही म्हणून बोलता येत नाही असे नाही. लोक उगाच मुकी म्हणतात.

माणसाची ओळखही तशीच ठरवली. सुनेची ओळख तिच्या मनगटातल्या कड्यावरून. नातवाची ओळख म्हणजे दंडावर दोन टिचक्या. शेजारच्या काकू आल्या की आपली अंगठी आत्यांच्या बोटाला लावतात. एक महिन्यात सात-आठ माणसे आत्या न चुकता ओळखू लागल्या. याला खर्च काहीच आला नाही.

विहारात न्यायचे ठरवले तेव्हा मात्र दोन-तीन जण आम्हाला म्हणाले, "त्यांना काय कळणार? घरीच बऱ्या." वाईट हेतूने म्हणाले नाहीत. त्यांना खरेच तसे वाटले. पण मग वंदना कशी करायची, हा प्रश्न होताच. आम्ही असे केले. त्रिसरण सुरू झाले की आत्यांच्या तळहातावर तीनदा दाबायचे. पंचशील सुरू झाले की एकेका शीलाला एकेक बोट धरायचे. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पाच बोटे, पाच शीले. आत्यांना शब्द पाठ आहेतच, आयुष्यभर म्हटलेले. बोट धरले की त्या ते शील म्हणतात, सगळ्यांच्या बरोबरीने म्हणतात. थोडे मागेपुढे होते, त्याने काही बिघडत नाही. फुलांचा वास त्यांना येतो, मेणबत्तीची ऊब हाताला लागते, खिरीची वाटी हातात आली की चेहरा खुलतो. कळत नाही कुणाला?

आता आपल्या समाजासाठी ही गोष्ट वेगळी का आहे, ते सांगतो. अंध-बधिर माणसाचे सारे जग स्पर्शावर चालते. त्याला हात लावला तरच त्याच्याशी बोलता येते. हात लावला नाही, तर तो बहिष्कृत झाला. बहिष्कृत म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या आजा-पणजांचा स्पर्श नाकारला गेला. पाण्याला हात लावायचा म्हणून 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर परमपूज्य बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. ज्या समाजाने स्पर्शाचा हक्क लढून मिळवला, त्या समाजाच्या वस्तीत स्पर्शावाचून कुणी माणूस कोपऱ्यात बसून राहावा, हे आपल्याला शोभत नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. तथागत आनंदासह तिथे गेले. तुझी सेवा करणारे कुणी नाही का, असे त्यांनी विचारले. भिक्खू म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी घातले, आनंदाने धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. मग संघाला बोलावून सांगितले की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना बघितले नाही तर कोण बघणार? आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. उपयोगी नाही म्हणून सोडून दिलेला माणूस, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी संघातही आला होता. तथागतांनी उपदेशाच्या आधी हात लावला.

आणखी एक गोष्ट. आपल्यातही अजून कुणी म्हणते, "मागच्या जन्मीचं भोगतोय." उपासक-उपासिकांनो, पूर्वजन्मीच्या कर्मामुळे या जन्मी माणूस दुःखी होतो, ही कल्पना बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तपासून नाकारली आहे. याच कल्पनेने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या खाली ठेवले होते. ती विहाराच्या दारातून हाकलली आणि अपंग मुलाच्या बाबतीत खिडकीतून परत आत घेतली, असे होता कामा नये. रुबेला हा विषाणू आहे, साखर हा आजार आहे. त्यात पाप कुणाचेच नाही. तसेच नावांचे. आपल्या लोकांना कचरू, धोंडू अशी नावे चिकटवली जात, ती आपण टाकली. मग "ए बहिऱ्या", "तो आंधळा" हे तरी आपल्या तोंडी का असावे? त्या माणसाला नाव आहे, त्या नावाने बोलावे.

आता प्रत्यक्ष वागायचे कसे, ते थोडक्यात सांगतो. जवळ गेल्यावर खांद्यावर किंवा हाताच्या मागच्या बाजूवर हलकेच हात ठेवा आणि तिथेच थांबा. एकदम धरू नका, दचकतात. मग आपली खूण द्या, म्हणजे कोण आले ते कळेल. काही दाखवायचे असेल तर त्यांचा हात वरून पकडून ओढू नका. आपला हात त्यांच्या हाताखाली ठेवा, म्हणजे नको असेल तर ते हात काढून घेऊ शकतात. चालताना त्यांना ढकलू नका, आपले कोपर त्यांना धरू द्या आणि अर्धे पाऊल पुढे चाला. उत्तराला वेळ द्या. सोबत आलेल्या माणसाला "यांना चहा देऊ का?" असे विचारू नका, पेला हातात देऊन त्यांनाच विचारा. आणि निघताना खूण केल्याशिवाय जाऊ नका. नाहीतर ते माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहते. बाई असेल, मुलगी असेल, तर सोबतीला बाईच असावी, ठरलेली असावी आणि घरच्यांना माहीत असावी. स्पर्शाची भाषा आहे म्हणूनच त्यात जबाबदारी जास्त आहे.

विहारापुरते बोलायचे तर चार गोष्टी पुरे आहेत. दाराशी चपला भिंतीच्या कडेला एका रांगेत ठेवू या. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारू या, कारण थोडे दिसणाऱ्याला तो दिसतो. मुळशीचा पाऊस आपल्याला माहीत आहे, चार महिने शेवाळ धरते, तेव्हा पायरीला कठडा लावू या. आणि या माणसांची बसायची जागा ठरलेली ठेवू या, दर वेळी बदलायची नाही. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांना गर्दीच्या मध्ये नको, कडेने दोन माणसांच्या सोबतीने न्यावे. ढोलावर हात ठेवू द्यावा. ऐकू न येणाऱ्यालाही ढोल छातीत कळतो.

पौडच्या रस्त्याबद्दलही सांगायला हवे. गाड्यांचा वेग आपण रोज बघतो. पांढरी काठी अंध माणसाची, हे बहुतेकांना माहीत आहे. पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असले तर त्या माणसाला ऐकूही येत नाही, ही खूण अनेक देशांत मानली जाते. आपल्या तरुणांनी, विशेषतः रिक्षा-टेम्पो चालवणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. अशा माणसाला हॉर्न वाजवून काही उपयोग नाही, गाडीच थांबवली पाहिजे.

हक्काचेही बोलले पाहिजे, कारण ही दयेची गोष्ट नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे आहेत आणि बहुविकलांगतेमध्ये अंध-बधिरता स्पष्ट लिहिली आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी ज्या गटांना मिळून एक टक्का आहे, त्यांत ही माणसे येतात. आत्यांच्या दाखल्यासाठी आम्ही एका कार्यालयात गेलो तेव्हा उत्तर मिळाले, "डोळ्यांचा घ्या नाहीतर कानांचा, एकच मिळेल." दोन खेपा जास्त झाल्या, कायद्याचा कागद दाखवावा लागला, पण शेवटी दोन्हींची नोंद झाली. तुम्हाला असे कुणी म्हटले तर परत फिरू नका. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा, यंदाचे पाच टक्के कुठे खर्च झाले? एक कठडा, एक काठी, एक श्रवणयंत्र त्यातून मागता येते.

कुणी म्हणेल, एवढ्या एका-दोघांसाठी एवढा खटाटोप कशाला? बाबासाहेबांनी आपल्याला मोजणी शिकवली ती वेगळी. माणूस एक असला तरी त्याचा हक्क पूर्ण असतो. आणि कुणी म्हणेल, पडले-झडले तर जबाबदार कोण? रास्त प्रश्न आहे. म्हणून आधी सोबती ठरवू, मग आणू. घरच्या सुनेवर किंवा मुलीवर सगळे टाकायचे नाही. ती बाई वर्षानुवर्षे एकटी राबते आहे. आठवड्यातून दोन तास कुणी बसले, तर तिलाही विहारात यायला मिळेल. सहभाग तिचाही आहे.

शेवटी समितीपुढे आमची एवढीच मागणी आहे. येत्या पौर्णिमेच्या आत महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने मिळून घरोघर जावे. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दोन्ही नाही, याची नोंद विहाराच्या वहीत करावी. ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांना दवाखान्यात न्यावे. चार सोबती ठरवावेत, दोन बाया, दोन पुरुष. त्यांना खुणा शिकवायला आम्ही दर रविवारी सकाळी विहारात बसू. आणि पुढच्या वर्षी वर्धापनदिनाचा हिशेब वाचताना वर्गणीच्या आकड्याखाली आणखी एक ओळ असू द्या: जे येत नव्हते, त्यांतले किती जण आले.